कच्चा आवाज

बाबल कुबलाची हाउसबोट कर्लीच्या खाडीत शिरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि रेश्माच्या हातात संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ होता. सात तास. तेवढ्यात तिच्या वडिलांनी एकदा, शांत चित्ताने, 'हो' म्हणायचं होतं. आता एक 'हो' म्हणायला सात तास कशाला लागतात, असं कुणीही विचारील. पण मधे दवाखाना आला, कायदा आला आणि वर यंत्र आलं, की साधं हो म्हणणंसुद्धा सोपं राहत नाही.

वडील म्हणजे आत्माराम तारी. वय बहात्तर. ह्याच खाडीवर त्यांनी चाळीस वर्षं तर, म्हणजे माणसं पार करणारी होडी, चालवली. ह्या काठाची माणसं, कोंबड्या, सायकली आणि नवऱ्यामुली होडीत घालायच्या आणि त्या काठाला नेऊन सोडायच्या. पुढे पूल झाला आणि तर बंद पडली. बायको गेली. मागच्या वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू नेली आणि जीभ नेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. रेश्माने त्यांना उचलून पुण्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि त्यांच्या गळ्यात कंठी घातली.

कंठी म्हणजे माळ-बिळ नव्हे. चार बोटं रुंद, मऊ रबराची काळी पट्टी, आतून मोहरीएवढे चौसष्ट ठिपके. माणसाला बोलायचं असतं तेव्हा मेंदू आधी गळ्याच्या, जिभेच्या स्नायूंना हुकूम सोडतो. पक्षाघातात स्नायू तो हुकूम पाळत नाहीत, पण हुकूम पोचतो, अर्धामुर्धा का होईना. कंठीचे ठिपके तो पकडतात. मात्र जे हाती लागतं ते पावसात भिजलेल्या पत्रासारखं असतं, चार अक्षरं दिसतात, सहा पुसलेली. ती सहा भरायचं काम कंठीतला दुसरा भाग करतो. त्या माणसाची जुनी बोलणी त्याला ऐकवून ठेवलेली असतात. हा माणूस कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द ठेवतो ते पाहून तो गाळलेल्या जागा भरतो आणि त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो. थोडक्यात, थोडं ऐकलेलं आणि बरंचसं ताडलेलं.

जुनी बोलणी रेश्माकडे भरपूर होती. वीस वर्षांचे फोन तिच्या मोबाइलने जपून ठेवले होते. आणि त्या प्रत्येक फोनवर आत्माराम तारी स्वच्छ, शाळेतलं मराठी बोलले होते. कारण अकरावीला रेश्मा पुण्याच्या हॉस्टेलात गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या 'माका-तुका'वर पोरी पोट धरधरून हसल्या. त्या रात्री तिने वडिलांना फोनवर ठणकावलं होतं, "बाबा, 'माका' नाही, 'मला' म्हणा. निदान माझ्याशी तरी." बापाने मुकाट्याने ऐकलं. तेव्हापासून लेकीचा फोन आला की ते 'मला', 'तुला' आणि 'आहे' असं एकेक पाऊल जपून टाकत बोलायचे. रेश्मा पुढे त्याच पुण्यात शाळेत मराठी शिकवू लागली. बापलेकीच्या बोलण्यात 'तू'चं 'तुम्ही' झालं ते तिला कधी खटकलंही नाही.

कंठीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती ढसाढसा रडली होती. "बेटा, काळजी करू नकोस," कंठी म्हणाली होती. बाबांनी तिला जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं, पण अशा वेळी कोण शब्द तपासत बसतं?

आता प्रश्न पुढचा होता. जीभ हलेना म्हणून गळ्याचे स्नायू दिवसेंदिवस वाळत चालले होते. सात-आठ महिन्यांत कंठीला ऐकायला काहीच उरणार नव्हतं. त्यावर उपाय एकच, कवटीखाली एक ठिपका बसवायचा. मग कंठी गळ्याऐवजी थेट मेंदूचं ऐकते आणि आयुष्यभर ऐकते. पण त्यासाठी गळ्याच्या नसा कायमच्या झोपवाव्या लागतात, नाहीतर दोन्हीकडचे हुकूम एकमेकांत मिसळतात. म्हणजे बाबांच्या घशातून जी काही घरघर, आरोळी आजही निघायची तीही बंद. परत फिरायची सोय नाही. म्हणून कायद्याने तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेळा, रुग्णाचं स्वतःचं 'हो' मागितलं होतं. दोन झाली होती. दोन्ही वेळा कंठी स्वच्छ म्हणाली होती, "माझी तयारी आहे." तिसरं दवाखान्याबाहेर, घराबाहेर, रुग्णाला आवडेल अशा जागी घ्यायचं होतं. पाचनंतर मुदत संपत होती, आणि परवा सकाळी ऑपरेशनची तारीख होती.

बाबांना आवडेल अशी जागा कोणती, हे रेश्माला वेगळं सांगायला नको होतं. तिने दिवसभरासाठी अख्खी हाउसबोट घेतली. बोटीवर बाबा, ती, तिची सात वर्षांची मिहिका आणि बोटीचा मालक, खलाशी, आचारी सगळं एकटाच असलेला बाबल कुबल.

"आत्मारामदादा, वळाखलास मा?" बाबलने वाकून विचारलं. पन्नाशीचा, उघडाबंब, कमरेला टॉवेल.

बाबांचे डोळे हसले. घशातून काहीतरी गडगडलं. कंठी म्हणाली, "हो. आपण कसे आहात?"

बाबल दचकून मागे सरला. "ह्यो खयचो भटजी बोलता गो?" त्याने रेश्माला विचारलं.

"बाबाच बोलतात ते. यंत्रातून," रेश्मा जरा तुटकपणे म्हणाली.

"बरा," बाबल म्हणाला, पण जाताजाता त्याने एकदा कंठीकडे वळून पाहिलं.

बोट सौरऊर्जेवर चालायची, आवाज कसला तो नाही. दोन्ही काठांना माड, मधूनच एखादं कौलारू घर, पाण्यात रोवलेले जाळ्यांचे खुंट. भरती चढत होती आणि बोट मजेत चालली होती. रेश्माने दोनदा विषय काढला. पहिल्यांदा बाबांना डुलकी लागली. दुसऱ्यांदा ते काठाकडे बोट दाखवत राहिले आणि कंठी म्हणाली, "छान आहे." साडेअकरा झाले, बारा झाले. ती सारखी घड्याळ बघायला लागली. बाबा दुपारपर्यंत दमले तर? कंठीने ऐनवेळी 'अस्पष्ट' असा शेरा मारला तर? वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

बाराच्या सुमाराला बाबलने बोट वाळूच्या उंचवट्याला लावली. खाडीच्या मधोमध बुडालेली वाळू, वर गुडघाभर पाणी. "अर्धो तास खेळांदे चेडवाक. जेवान करतंय," म्हणून तो मागच्या खोलीत चुलीशी गेला. जाताना बजावून गेला, "जाकीट काढू नको गो तिचा." पण तरंगायचं जाकीट काखेत टोचतं म्हणून मिहिकाने भोकाड पसरलं आणि गुडघाभर तर पाणी आहे म्हणून रेश्माने ते काढलं. लाल चेंडू घेऊन पोरगी पाण्यात थपथपाट करायला लागली.

बाबांची खुर्ची कठड्याशी होती. रेश्मा त्यांच्यासमोर, पाण्याकडे पाठ करून बसली. मोबाइलवर नोंद सुरू केली, तारीख, वेळ, जागा सांगितली आणि पाठ केलेला प्रश्न विचारला, "बाबा, परवाच्या ऑपरेशनला तुमची संमती आहे का?"

बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या खांद्यावरून पलीकडे पाण्याकडे बघत होते. घसा गडगडला.

"सुखी वाटलं," कंठी म्हणाली.

रेश्माच्या डोळ्यांत पाणी तरारलं. वर्षभरात पहिल्यांदा बाबा असं म्हणाले होते. "हो ना, बाबा? मला वाटलंच होतं इथे तुम्हाला बरं वाटेल. आता मी विचारते त्याचं..."

"सुखी वाटलं. चेंडू वर घे."

तिने मागे पाहिलं. चेंडू खरंच वाहत शिडीपाशी आला होता. मिहिका पलीकडे ओंजळीत वाळू घेऊन काहीतरी शोधत होती. रेश्माला हसू आलं. दोन पायऱ्या उतरून तिने चेंडू उचलला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

"घेतला. आता सांगा."

बाबांनी चेंडू डाव्या हाताने भिरकावला. खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. एकदा, दोनदा.

"चेंडू. चेंडू वर घे."

"अहो घेतला होता की," रेश्मा म्हणाली. तिचा धीर सुटायला लागला होता. नोंद चालूच होती. हे असं ऐकलं तर दवाखान्यातले म्हणतील, रुग्ण भानावर नाही. "बाबा, शांत व्हा. जरा शांत व्हा ना."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. मानेच्या शिरा तटतटल्या. आणि कंठी त्यांच्याच मायाळू आवाजात म्हणाली, "बेटा, काळजी करू नकोस."

त्यासरशी बाबांनी डाव्या हाताची बोटं पट्टीत घातली आणि हिसका मारून कंठी तोडली. मग त्यांनी जी आरोळी ठोकली तिला शब्द म्हणायची सोय नव्हती. पण ती ह्या काठावरून त्या काठाला पोचणारी, होडीवाल्याची आरोळी होती.

मागच्या खोलीतून बाबल डाव हातात घेऊनच धावत आला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही. थेट पाण्याकडे पाहिलं. "सुकती लागली," म्हणाला, डाव टाकला आणि उडी मारली.

रेश्मा वळली. मिहिका होती तिथे नव्हती.

सुकती म्हणजे ओहोटी. अमावस्येच्या दिवशी कर्लीचं पाणी ओसरायला लागतं ते समुद्राकडे धाव घेतं, आणि उंचवट्याच्या कडेची वाळू पायाखालून सरसर सुटते. बाबांना पाण्यावरच्या फेसाची रेघ फिरलेली दिसली होती. रेश्मालाही दिसली असती. लहानपणी तिला ती रेघ ओळखता यायची.

तीस-चाळीस हात दूर एक छोटं डोकं वरखाली होत होतं. बाबल प्रवाहाबरोबर तिरका कापत गेला. त्याने तिचा फ्रॉक धरला, पण परत उलटं पोहणं त्याच्या बापाच्यानेही झालं नसतं. त्याने एका जाळ्याच्या खुंटाला मिठी मारली आणि तिथेच लटकला. मिहिका त्याच्या मानेला चिकटलेली. खुंट कलला.

बोटीच्या मागे छोटं होडकं बांधलेलं होतं. रेश्मा त्यात कशी उतरली, दोर कसा सोडला, तिला नंतर आठवेना. वल्हं हातात आलं तेव्हा मात्र हाताला आठवलं. ती सरळ खुंटाच्या रोखाने निघाली आणि वरून बाबांची आरोळी आली.

"डा... डा..."

तिने वर पाहिलं. बाबा कठड्यावर ओणवे होऊन डावा हात हवेत मारत होते. डाव्यान. डाव्या अंगाने. सरळ गेली असती तर प्रवाहाने तिला खुंटाच्या पुढे नेऊन टाकलं असतं. तिने होडकं डावीकडे, वरच्या अंगाला घातलं.

"डा," पुन्हा आवाज आला. अजून डावीकडे. तिने मारलं. मग "हां... हां," असा दमदार आवाज, आणि तिने वल्हं थांबवलं. होडकं आपोआप घसरत खुंटाला जाऊन टेकलं. बाबलने आधी पोरगी वर ढकलली, मग स्वतः कसाबसा चढला. मिहिका खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडली. रेश्माने तिला इतकं घट्ट धरलं की बाबलला सांगावं लागलं, "श्वास घेवंक दी गो तिका."

अर्ध्या तासाने मिहिका कोरड्या चादरीत झोपली होती. बाबांचा हात तिच्या डोक्यावर होता. रेश्मा तुटलेली कंठी मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबल, तुला कसं कळलं?"

"दादान सांगला मा. सुकती लागली, चेडवाक वर घे म्हणान," बाबल केस पुसत म्हणाला. त्याला त्यात नवल वाटलं नव्हतं.

चेडू म्हणजे मुलगी. तिच्या भाषेतला शब्द. तिला आईने ह्याच नावाने हाका मारल्या होत्या. सुकतीचं सुखी झालं, चेडवाचं चेंडू झालं. कंठीचा तरी काय दोष म्हणावा? तिला फक्त तेच मराठी ठाऊक होतं जे बाबा रेश्माशी बोलले होते. आणि रेश्माला ते मुलखाचं गोड लागलं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग तिने मोबाइल हातात घेतला. वर्षभरात आणखी काय काय असं झालं असेल?

कंठी सगळं जपून ठेवते. मोबाइलवर प्रत्येक वाक्याच्या दोन ओळी असतात, खाली कंठीचं बोलणं आणि वर घशातून आलेला कच्चा आवाज. ती वरची ओळ रेश्माने वर्षभरात एकदाही वाजवली नव्हती. नुसती घरघर ऐकून काय करायचं? आता तिने पहिल्या संमतीची तारीख काढली. "माझी तयारी आहे." वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

घरघर. गुळण्या केल्यासारखा आवाज. तिने पुन्हा लावला. बाबल जवळ सरकला, पण तिने हाताने त्याला थांबवलं. चौथ्या वेळी तिने डोळे मिटले. बाबा फोनवर जसं बोलायचे ते विसरायचं तिने ठरवलं. त्याआधीचे बाबा कसे बोलायचे, होडीतून, अंगणातून, जेवताना, तेवढं आठवायचं.

मा-का. त-री-र. न्हे.

माका तरीर न्हे. मला तरीवर ने.

तिने दुसऱ्या संमतीची नोंद लावली. तेच. वर्षभरातल्या बाकीच्या नोंदी चाळल्या. तयारी, तयारी, तयारी. पुण्याच्या सातव्या मजल्यावर बसून तिचा बाप वर्षभर एकच गोष्ट मागत होता आणि ती दर वेळी त्यांची पाठ थोपटून म्हणत होती, "शाब्बास, बाबा." ती रडली नाही. रडण्याचाही तिला अधिकार वाटेना.

"बाबल, बोट तरीवर घे," ती म्हणाली.

तरीचा धक्का म्हणजे आता काय, शेवाळलेल्या सात-आठ पायऱ्या आणि होडी बांधायचा एक दगड. वर गवत माजलेलं. पण बोट लागली तसे बाबा खुर्चीत ताठ झाले आणि त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. साडेचार वाजले होते.

प्रश्न सुटला नव्हता. उलट आता खरा झाला होता. ठिपका बसवला तर बाबा बोलतील, आयुष्यभर बोलतील, शुद्ध आणि गोड. कंठीला मालवणी शिकवता येईल की नाही कोण जाणे, आणि शिकवली तरी मधल्या गाळलेल्या जागा भरणार तीच. नाही बसवला तर आहे ही घरघरही जाईल, आणि मग पुरती शांतता. रेश्माला ती शांतता नको होती. तिला बाबांचा आवाज हवा होता, कसाही. एक क्षण तिच्या मनात आलं, कंठी सांधता येईल. बाबा तर तरीवर आलेच आहेत. आता जे काही म्हणतील त्याचं यंत्र 'तयारी'च करील, आणि कुणाला कळणारही नाही. हा विचार आला तशी तिने कंठी उचलून दूर, बाकाखाली सरकवली.

ती बाबांसमोर खाली बसली. वीस वर्षांत ती मालवणीत एक वाक्य बोलली नव्हती. बाबल उगाच दोर गुंडाळायला लागला.

"बाबा," ती चाचरत म्हणाली, "परवा तुझा आपरेशन आसा. केला तर मशीन तुझ्या बदली बोलतला. तुझो आवाज मगे नाय. नाय केला तर..." तिला थांबावं लागलं. "नाय केला तर सात-आठ म्हयन्यांनी सगळोच जातलो. तुका व्हया काय नको?"

तिने त्यांना 'तू' म्हटलं होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग ओठ आवळले, घसा साफ केला आणि सगळा जोर लावून बोलले.

"न... को."

नको हा शब्द पुण्यातही तोच आणि कर्लीकाठीही तोच. त्याचा दुसरा अर्थ करायला जागा नव्हती. रेश्माने तरीही पुन्हा विचारलं, कारण तिला तो मान्य करायचा नव्हता. बाबांनी पुन्हा सांगितलं, आणि ह्या वेळी डाव्या हाताने तिचं तोंड वर उचलून सांगितलं.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. दवाखान्याचे संमती-अधिकारी निमकर.

"मॅडम, तिसरी नोंद आली नाही अजून."

"ते नको म्हणाले," रेश्मा म्हणाली.

"बरं. पण मग तसं कंठीवर आलंय का?"

"कंठी काढून ठेवलीय."

निमकरांनी समजूत घालायचा सूर लावला. "मॅडम, दोनदा हो आलंय. आता नको म्हणायचं तरी यंत्रावर यायला पाहिजे. तोंडी चालत नाही."

"तोंडीच सांगितलंय त्यांनी," रेश्मा म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

बाबा पायऱ्यांकडे बघत काहीतरी म्हणाले. लांबलचक वाक्य होतं. बाबलने मान वर केली, सांगायला तोंड उघडलं, पण तिने त्याला नको म्हणून खूण केली.

"माका नाय कळला," ती खुर्ची ओढून बाबांच्या तोंडाजवळ कान नेत म्हणाली. "परत सांग."

बाबांनी परत सांगितलं.